आजच्या काळातला 'लिअर' आमच्याकडे पडला. दुसऱ्या प्रयोगाआधी काय दुरुस्त करता येईल?

तिठा

नमस्कार मंडळी,

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा आजच्या काळात आणलेला मराठी प्रयोग सिंधुदुर्गातल्या एका नाट्यगृहात झाला आणि प्रेक्षक नाराज होऊन घरी गेले. पुढचा प्रयोग शिमग्यानंतर शाळेच्या पटांगणात, उघड्या मांडवात आहे. मध्ये तालमीचे १२ दिवस मिळतील. नट तेच राहणार, एलईडी वॉलचं भाडं भरून झालंय. एवढ्यात काय सुधारता येईल ते जाणकारांनी सांगावं.

प्रयोग असा होता. लांबी ९५ मिनिटं, मध्यंतर नाही. लिअर म्हणजे हापूस निर्यात आणि कॅनिंग करणाऱ्या कंपनीचा मालक, सगळे त्याला आबा म्हणतात. पहिल्या प्रवेशात तो कंपनी आणि वडिलोपार्जित बागा गोड बोलणाऱ्या दोन मुलींत वाटतो, धाकटीला बेदखल करतो. त्याचे शंभर सरदार काढून टाकलेत, त्याऐवजी थोरली एक ईमेल पाठवून त्याची सुरक्षा बंद करते. विदूषक काढला, त्याची वाक्यं मागच्या १६ बाय ९ फुटी वॉलवर मेसेजसारखी उमटतात. ग्लॉस्टर या दुसऱ्या म्हाताऱ्या बापाचं उपकथानक निम्मं कापलं, त्याचे डोळे काढण्याचा प्रसंग व्हिडिओत दाखवला. डोव्हरच्या कड्याचा प्रवेश ठेवला, पण मागे ड्रोनने घेतलेला कड्याचा व्हिडिओ आणि लाटांचा आवाज. वादळासाठी पावसाची रेकॉर्ड, आठही नटांना अंगावरचे माईक. शेवटच्या प्रवेशात आबा टी-शर्टमध्ये.

वादळानंतर मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. बाहेर कानावर आलं ते असं: "काय्येक ऐकूक येवक नाय." "राजा खंय होतो?" "एवढा पैसेवाला माणूस, एक वकील मिळत नाही त्याला?" "धाकटी मेली कधी?"

दिग्दर्शकाचं म्हणणं, कोकणातल्या प्रेक्षकाला आधुनिक मांडणी पचत नाही, त्याला मुकुट आणि तलवार लागते. मला ते पटत नाही. पण चूक कुठे झाली त्यावर बोटही ठेवता येत नाही.

पेन्सिलवाला

तिठा, लोकांच्या चारही तक्रारी बरोबर आहेत आणि त्यातली एकही कपड्यांबद्दल नाही. "राजा कुठे होता" हीसुद्धा मुकुटाची मागणी नव्हे, त्यावर इथलं कुणी नीट लिहील. मी संहितेपुरतं बोलतो.

सगळ्यात मोठी चूक शंभर सरदार काढण्याची. नाटकाचा पहिला अर्धा भाग त्या आकड्यावर चालतो. लिअर सगळं देऊन टाकतो आणि एकच गोष्ट राखतो: शंभर माणसं, खर्च मुलींचा, मुक्काम महिन्यामहिन्याने एकेकीकडे. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, पंधरवडा उलटायच्या आत, त्यातली ५० जातात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मधली म्हणते २५ च घेऊन या. तेव्हा म्हातारा थोरलीकडे वळतो आणि हिशेब घालतो: तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचविसाच्या दुप्पट, म्हणजे तुझी माया दुप्पट. त्यावर थोरली विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? आणि मधली म्हणते, एक तरी कशाला? त्यानंतरच्या त्याच्या उत्तरातच वादळाचा पहिला आवाज होतो. पहिल्या प्रवेशात बापाने मायेचं माप काढलं, तेच माप मुलींनी त्याच्या गळ्याला लावलं. हे सगळं एका ईमेलमध्ये उरकलंत तर प्रेक्षकाने बापासाठी घाबरायचं कधी? त्याच्या हातून काय गेलं हे बघितलंच नसेल, तर पुढे तो पावसात उभा राहून का ओरडतोय हे त्याला कळणार नाही. म्हणून लोक वादळातच उठले.

दुरुस्ती सोपी आहे. पाच माणसं उभी करा. शंभरांसाठी पाच पुरतात: ड्रायव्हर, स्वयंपाकी, बागेचा राखणदार, मुनीम, फाटकावरचा गुरखा. मंडळातली कुणीही चालतील, त्यांना वाक्य नाही. प्रत्येकाच्या हातात कामाची एकच वस्तू: किल्ली, झारा, काठी, वही, टॉर्च. "पन्नास" या शब्दावर दोघे वस्तू खाली ठेवून निघतात. "पंचवीस"वर तिसरा, "दहा, पाच"वर चौथा. "एक तरी कशाला" याच्यावर पाचवा, आणि त्याने लगेच निघू नये. मनात तीन मोजून, आबांकडे बघून, मग टॉर्च ठेवावी. त्या पाच वस्तू मध्यंतरापर्यंत तिथेच पडून राहू द्या. हिशेबाची दोन्ही वाक्यं आबांनी न रडता, बाजारात भाव करावा तशी म्हणायची. रडून म्हटलं की आकडे ऐकू येत नाहीत.

आता वकिलाचा प्रश्न. याला गंभीरपणे घ्या, कारण आजच्या काळात नाटक आणलं की आजचा कायदाही आत येतो. वडिलोपार्जित बागा म्हटलंत की प्रेक्षकाला लगेच आठवतं, २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. मग आबा कुणाला काय देतोय आणि धाकटीला बेदखल करतोय कसा? पहिल्या पाच मिनिटांतच पाया खचला. दुसरं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. आपल्याकडे हे अर्ज प्रांताकडे जातात आणि गावोगावी लोकांना ते ठाऊक आहे. शंभर माणसं ही तर सरळ अटच. मग आबा वादळात कशाला जाईल, प्रांत कचेरीत जाईल.

उपाय दोन वाक्यांचा. एक, मिळकत स्वकष्टार्जित करा: "ही बाग मी कातळ फोडून केली, बापाने लावलेलं एक कलम नाही यात." मग कुणाला द्यायची हा सर्वस्वी त्याचा अधिकार, आणि चूकही सर्वस्वी त्याची. हे मूळ नाटकाच्या जवळ जातं. दोन, आबांचा निष्ठावान माणूस केंट सही होताना म्हणतो, "आबा, शंभर माणसांची अट कागदावर घाला." आबा: "पोरींच्या शब्दाला कागद कशाला?" अट कागदावर नसेल तर पुढे दाद मागणं फार अवघड होतं, हे प्रेक्षक आपोआप ताडतो. शिवाय लिअरचा दोषच हा, की तो गोड बोलण्यावर राज्य देतो. तुमची आधुनिक चौकट इथे मूळ गोष्टीला बळ देईल.

लांबीबद्दल थोडक्यात. 'लिअर'च्या दोन जुन्या छापील प्रती आहेत, १६०८ ची क्वार्टो आणि १६२३ ची फोलिओ. फोलिओमध्ये क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी नाहीत आणि सुमारे १०० ओळी जास्तीच्या आहेत. दोन्ही एकत्र केलेली प्रत ३३०० ओळींच्या आसपास जाते. कात्री आधी तिथे लावा जिथे त्या जुन्या प्रतीनेच लावलीय. चौथ्या अंकात एक सरदार धाकटीच्या, म्हणजे कॉर्डेलियाच्या, अश्रूंचं वर्णन करतो तो अख्खा प्रवेश फोलिओत नाही, तो गेला तरी काही अडत नाही. फ्रान्सच्या सैन्याची ये-जा कापा, थोरलीच्या कारभाऱ्याची, ऑस्वल्डची, लांबण कापा. ग्लॉस्टर मात्र परत आणा. लिअरच्या मनाचं जे होतं ते ग्लॉस्टरच्या देहाचं होतं. एकाला वेड लागल्यावर उमगतं, दुसऱ्याला डोळे गेल्यावर. पुढे ते दोघं भेटतात तो प्रवेश नाटकाचं काळीज आहे, आणि एकाची गोष्ट अर्धी असेल तर ती भेट नुसती ओळखीच्या दोन म्हाताऱ्यांची होते. १३० ते १३५ मिनिटं धरा, मध्यंतर डोळे काढण्याच्या प्रसंगानंतर.

तो प्रसंग व्हिडिओत नको. तिथे एक साधा नोकर आपल्याच धन्यावर शस्त्र उपसतो, स्वतः मरतो, पण धन्याला जिव्हारी घाव घालून जातो. हे माणसाने माणसासमोर करायचं काम आहे. क्वार्टोत पुढे आणखी दोन नोकर जखमेवर अंड्याचा पांढरा बलक आणि जवसाच्या धाग्यांची पट्टी लावायला निघतात. इंग्लिश दिग्दर्शक पीटर ब्रुकने १९६२ च्या प्रयोगात ही माया मुद्दाम काढली होती, त्याला नाटक थंड आणि निष्ठुर हवं होतं. तुम्हाला तसं काही म्हणायचं नसेल तर त्या दोघांना ठेवा. मध्यंतराला चहा प्यायला जाणाऱ्या माणसाला तेवढा आधार लागतो.

एक तांत्रिक गोष्ट. देवगड तालुक्यातल्या धालवलीच्या विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' हे भाषांतर केलंय. त्यातली वाक्यं घेतली असतील तर वारसांची परवानगी हवी. विंदा २०१० साली गेले, म्हणजे हक्क २०७० अखेरपर्यंत. शेक्सपिअर मोकळा आहे, भाषांतर नाही. आणि एवढे बदल केल्यावर नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे नवी संहिता पाठवायची की नाही ते आत्ताच विचारून घ्या, आदल्या दिवशी नको.

डिमरवाला

"ऐकूक येवक नाय" याचं कारण आठ उघडे माईक आणि पावसाची रेकॉर्ड, दोन्ही मिळून.

माईकचं गणित आधी. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरने शिट्टी मारायच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, म्हणजे तीन वेळा दुप्पट: ९ डेसिबल हातचे गेले. ऑपरेटरने आठही फेडर (एकेका माईकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) वर ठेवून दिले असणार आणि शिट्टी आली म्हणून मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र आवाज, खाली ओढला असणार. मग कुणाचंच ऐकू येत नाही. ऑपरेटरच्या हातात संहितेची प्रत द्या, प्रत्येक वाक्यापुढे माईकचा नंबर लिहून. बोलणाऱ्याचा फेडर वर, बाकीचे खाली. यासाठी त्याला निदान चार पूर्ण तालमींना बसवा. प्रयोगाच्या दिवशी येऊन हे जमत नाही. माईकची बोंडी छातीवर असेल तर ती कपाळाच्या केसांच्या रेषेवर किंवा गालावर आणा. छातीवर हनुवटीची सावली पडते आणि शर्ट घासतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम बोंडीत उतरतो आणि मध्यंतरानंतर आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. मध्यंतरात प्रत्येक बोंडी कोरड्या कपड्याने पुसायची, एक माणूस फक्त त्यासाठी.

आता वादळ. पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. क, च, ट, त, स ही व्यंजनं ज्यावर कळतात तो पट्टा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ. पाऊस नेमका तिथेच बसतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत, आणि नट ओरडायला लागतो तसतसे स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून:

रेकॉर्डमधून २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा चांगला ८ ते १० डेसिबल कापा. बोलणं चालू असताना पाऊस बोलण्याच्या किमान १५ डेसिबल खाली. गडगडाट कधीही वाक्याच्या खाली नाही, दोन वाक्यांच्या मध्ये. आबा वाक्य संपवतो, ढग उत्तर देतो, आबा पुढचं बोलतो. मग ते भांडण होतं, आणि लिअर तिथे वादळाशी भांडतोच आहे.

गडगडाटाची रेकॉर्ड तर टाकूनच द्या. ३ बाय ६ फुटांचा पातळ जी.आय. पत्रा विंगेत वरच्या दोन कोपऱ्यांतून दोरीने टांगा, खालची कड दोन्ही हातांनी धरून हलवा. हळू हलवला की लांबचा गडगडाट, झटका दिला की डोक्यावर कोसळल्यासारखा. पत्र्याला आडवी घडी पडली की तो वाजत नाही, नुसता खडखडतो, तेव्हा गुंडाळून नव्हे, फळीवर आडवा ठेवून न्या. पावसासाठी दोन सुपांत तांदूळ घोळवा, समोर एक माईक. पत्रेवाला आणि सूपवाला नटाच्या श्वासाबरोबर थांबतात, रेकॉर्ड थांबत नाही. बोलण्याचा माईक पत्र्याकडे तोंड करून नको. पटांगणात वारा असेल तर प्रत्येक बोंडीवर फोमची टोपी.

एलईडी वॉल. तिचा पांढरा साधारण ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळा) किंवा त्याहून निळा, तुमचे हॅलोजन ३२०० केल्विन. त्यामुळे चेहरे विटकरी दिसतात आणि मागची भिंत ट्यूबलाइटसारखी. प्रोसेसरमध्ये वॉलचा रंग उबदार करा आणि ब्राइटनेस १० टक्क्यांवर आणून बघा. इतक्या खाली बारीक छटा जातात, म्हणून चित्रं साधी घ्या: एक रंग, एक रेषा, एक आकृती. नट वॉलपासून किमान ६ फूट पुढे आणि समोरून ४५ अंशांवर दोन्ही बाजूंनी उजेड. वॉल चेहऱ्यापेक्षा उजळ राहिली की प्रेक्षकाचा डोळा नटावरून घसरतो, मग वाक्य कितीही चांगलं असो. आणि वॉलवर वाचायला शब्द दिलेत की त्या वेळी नटाचं ऐकणं बंद होतं. विदूषकाची वाक्यं मेसेजमध्ये घातलीत ना, त्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही आबांचं एक वाक्य गमावलंत.

बाकडा

दिग्दर्शकांना माझा आदरपूर्वक पण स्पष्ट विरोध. कोकणातल्या प्रेक्षकाला आधुनिक पचत नाही म्हणता? हा प्रेक्षक जत्रेत रात्रभर जमिनीवर बसून दशावतार बघतो. तिथे नेपथ्य म्हणजे एक बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्यावर युद्ध होतं. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात. पुरुष साडी नेसून राणी होतो आणि कुणाला खटकत नाही. एवढं मनाने रचून घेणाऱ्या प्रेक्षकापेक्षा आणखी आधुनिक प्रेक्षक कुठून आणणार? त्याची अडचण उलटी झाली. त्याला रचायला काही ठेवलंच नाही.

कड्याचा प्रवेश बघा. आंधळा ग्लॉस्टर जीव द्यायला डोव्हरच्या कड्यावर निघालाय. हात धरून नेणारा त्याचाच मुलगा एडगर, पण बापाला ते माहीत नाही. तो बापाला सपाट जमिनीवर उभं करतो आणि नुसत्या शब्दांनी कडा रचतो: मध्यावर उडणारे कावळे भुंग्याएवढे दिसतात, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे, नांगरलेलं गलबत आपल्या होडीएवढं आणि होडी तर पाण्यावर तरंगणाऱ्या, दिसेल न दिसेल अशा बोयाएवढी. ग्लॉस्टर उडी मारतो, जागच्या जागी पडतो, आणि मुलगा त्याला पटवतो की तू एवढ्या उंचीवरून पडूनही वाचलास. कडा नाहीच, हाच त्या प्रवेशाचा प्राण. तुम्ही मागे खरा कडा दाखवलात! मग प्रेक्षकाला वाटलं की म्हातारा खरंच पडला, किंवा दिग्दर्शकाची चूक झाली.

आणि लाटांचा आवाज. एडगर विचारतो, समुद्र ऐकू येतोय ना? ग्लॉस्टर म्हणतो, नाही, खरंच नाही. पुढे वर्णनात एडगरच सांगतो की इतक्या उंचावर लाटांचा आवाज पोचत नाही. स्पीकरमधून समुद्र वाजत असताना हे वाक्य कसं म्हणायचं? किनाऱ्यावर राहणारा माणूस ही चूक पहिल्या क्षणी पकडतो.

करायचं असं. वॉल बंद, पूर्ण काळी. आवाज बंद. एक बाकडा आडवा ठेवा, फूट-दीड फूट उंचीचा. ग्लॉस्टर त्यावर चढतो. एडगर खाली बसून वर्णन करतो आणि 'कोळी' शब्दाच्या जागी 'रापणकर' म्हणतो. वर्णनाला घाई नको, एकेका वस्तूनंतर बापाच्या चेहऱ्याकडे बघायचं. मग ग्लॉस्टर त्या दीड फुटावरून पुढे पडतो. पडताना पेटी नाही, मृदंग नाही, काही नाही. हा प्रेक्षक श्वास रोखून बघेल.

"राजा खंय होतो" याचं उत्तरही आपल्याकडे आहे. दशावतारात राजा येतो तेव्हा दुसरा कुणी उठतो, बाजूला होतो, बाकडा मोकळा करतो. राजेपण बाकीच्यांच्या अंगातून दिसतं. तुमच्या पहिल्या प्रवेशात सगळे लॅपटॉप उघडून बसलेले असतील तर आबा त्या खोलीतला आणखी एक माणूस. ठरवून घ्या: आबा आल्यावर सगळे उभे, चपला दाराबाहेर, एकच खुर्ची, आबांनी विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. तिन्ही मुली बोलण्याआधी पाया पडतात. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तीच खुर्ची थोरलीच्या घरात आहे आणि तिच्यावर थोरलीचा कारभारी ऑस्वल्ड बसलाय, आबा आले तरी उठत नाही. राज्य गेलं हे सांगायला आणखी काही लागत नाही.

विदूषक परत आणा आणि त्याला मालवणी द्या. माझं तर म्हणणं, दशावतारातल्या संकासुराच्या वेशातच आणा. काळा पायघोळ, डोक्यावर उंच टोकदार टोपडं. इथल्या लेकराला तो वेश कळतो.

तिठा

सर्वांचे मनापासून आभार. पाच माणसं, पत्रा, बाकडा, खुर्ची ही कामं लगेच हाती घेतो. कातळ फोडल्याचं वाक्य दिग्दर्शकांनाही आवडलं. कड्याचा व्हिडिओ काढायला मात्र ते कचरतायत, त्यावर खर्च झालाय. तो दुसरीकडे कुठे वापरता येईल का? संकासुराबद्दलही आमच्यात दोन मतं आहेत. आणि शेवटच्या प्रवेशाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. "धाकटी मेली कधी" ही तक्रार मला सगळ्यात जास्त लागली.

साकव

व्हिडिओ अगदी सुरुवातीला लावा, प्रेक्षक जागेवर बसत असताना, आवाजाशिवाय: आबांची हद्द म्हणून. पहिलं वाक्य सुरू झालं की काळोख. मग कड्याच्या प्रवेशात वॉल काळीच राहिली तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांत तो कडा आधीच असेल. खर्चही वाया जात नाही.

संकासुराबद्दल बाकडा यांच्याशी अर्धा सहमत. भाषा मालवणी हवीच. वेश नको. संकासुर वेद पळवणारा दैत्य, आणि आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, तो येतो तेव्हा हशा ठरलेला असतो. लिअरचा विदूषक चोर नाही. धाकटी गेल्यापासून तो झुरतोय असं नाटकात स्पष्ट म्हटलंय. वादळात सगळे सोडून गेल्यावर तो थंडीने कुडकुडत धन्याबरोबर राहतो. संकासुराच्या वेशात तो कुडकुडला तरी लोक हसतील, आणि ती त्यांची चूक नसेल. साधा सदरा, आबांचाच जुना, बाह्या दुमडलेला, एवढंच द्या. मालवणीवर पहिल्या दोन वाक्यांना हशा येईल तो येऊ द्या, थांबा, मग तिसरं वाक्य हळू आवाजात. तुमच्या मधल्या मुलीच्या तोंडी मात्र मालवणी चुकूनही नको. "तुमका एक तरी कित्याक व्हयो?" हे वाक्य कितीही क्रूर असलं तरी तिथे टाळी पडेल आणि प्रवेश गेला. ती प्रमाण मराठीतच, थंडपणे.

विदूषक तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशानंतर नाटकात परत दिसत नाही. त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. फक्त तो सदरा मंचावर राहू द्या.

आता शेवट. तुम्ही आबांना टी-शर्ट घातलात आणि त्याबरोबर एक वाक्य गेलं. मरताना लिअर कुणाला तरी म्हणतो, एवढं बटण सोडा जरा. आणि मग म्हणतो, उपकार झाले. ज्याच्या हुकमाखाली शंभर माणसं होती तो एका बटणासाठी विनवतो आणि आभार मानतो. हेच बटण तिसऱ्या अंकात एकदा येऊन गेलेलं असतं. वादळात उघड्या एडगरला बघून तो स्वतःचे कपडे फाडायला लागतो आणि ओरडतो, बटणं काढा इथली. तिथे हुकूम, इथे विनंती. आबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत बटणाचा सदरा द्या, गळ्याशी घट्ट. वरचं बटण मोठं, दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं, आणि काज सैल करून घ्या म्हणजे सोडणाऱ्याची बोटं अडकणार नाहीत. केंटने ते सोडायचं, घाई न करता.

"धाकटी मेली कधी" हे न कळायचं कारण बहुधा असं, की आबा तिला उचलून आणतो त्याआधी मंचावर फार हालचाल चालू आहे. त्याच्या आधी सगळे थांबले पाहिजेत. ग्लॉस्टरच्या कपटी मुलाचा, एडमंडचा, कबुलीजबाब, धाकटीला वाचवायला पळत गेलेला माणूस, आणि मग पूर्ण शांतता, पाच सेकंद. त्या शांततेत आतून आबांचा आवाज, मग आबा. नटाला उचलणं झेपत नसेल तर ओढत आणू नका. खांद्याखाली हात घालून उचलायच्या दोन तालमी करा, नाहीतर आंब्याच्या हातगाडीवरून आणा. हातगाडी चालेल, तुमची कंपनीच आंब्याची आहे.

मग तो आरसा मागतो: हिच्या श्वासाने काच धुरकटली तर ही जिवंत आहे. आजच्या काळात इथे आरसा लागतच नाही. प्रत्येकाच्या खिशात काळी काच आहे. आबांनी कुणाच्या तरी हातातला मोबाईल घ्यावा आणि तिच्या ओठांशी धरावा. ज्या मोबाईलवर थोरलीने हुकूम पाठवले तोच असेल तर अधिकच चांगलं. नाटक आजच्या काळात आणल्याचं सार्थक त्या एका क्षणात होईल.

त्यानंतरचं 'कधीच नाही' फोलिओत पाच वेळा आहे, क्वार्टोत तीन वेळा. पाच घ्या. चढवत नेऊ नका, उतरवत न्या. पाचवं जवळजवळ ऐकू येऊ नये.

आणि हा शेवट लोकांना सोसवत नाही म्हणून कापू नका. १६८१ मध्ये नॅहम टेट या कवीने कॉर्डेलिया वाचते असा सुखान्त केला, विदूषकही काढला, आणि लंडनची रंगभूमी दीडशे वर्षं तेच करत राहिली. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने विदूषक परत आणला. अठराव्या शतकातला समीक्षक सॅम्युअल जॉन्सननेही लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मृत्यूने त्याला एवढा धक्का बसला की नाटकाचं संपादन करायची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. त्या धक्क्याने घरी गेलेला प्रेक्षक नाराज नसतो.

एक राहिलं. चौथ्या अंकात बाप-लेक भेटतात तेव्हा धाकटी पाया पडायला वाकते आणि आबाच तिच्यापुढे गुडघे टेकायला जातो. तुमच्याकडे तिथे मिठी असेल तर काढा. बाप लेकीच्या पायाशी जातोय आणि ती त्याला मधेच धरते, हे आपल्या माणसाला मिठीपेक्षा कितीतरी जास्त समजतं. पहिल्या प्रवेशातलं पाया पडणं त्यासाठीच हवंय.

डिमरवाला

साकव, मोबाईल फार आवडला. फक्त एक: तो बंद हवा, बॅटरी काढलेला किंवा डमी. हातात घेताना बटण दाबलं गेलं आणि स्क्रीन पेटला तर मुलीच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडतो आणि मेलेली मुलगी शंभर फुटांवरूनही जिवंत दिसते. काचेवर मॅट फिल्म लावू नका, चकचकीतच राहू द्या. वरच्या उजव्या स्पॉटचा कोन असा बसवा की आबाने काच वाकवली की तिचा कवडसा एकदा प्रेक्षकांवरून फिरेल. ती जागा मंचावर खडूने आखून ठेवा, आणि तालमीत तो कवडसा मांडवाच्या कितव्या रांगेपर्यंत पोचतो ते रात्रीच तपासा, दिवसा कळणार नाही.